मथुरेचे प्रश्न

रत्नागिरी,
ता. २२ नोव्हेंबर १९३१

चि. आत्माराम यास,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहावा अशी रीत आहे. ती मी मोडत नाही, एवढेच समज.

भाऊबिजेला तू आलास. पत्नीच्या धाकट्या भावाला वर्षातून एकदा ओटीपर्यंत येऊ द्यावे इतकी सवलत मी देत आलो, ती मथुरेच्या डोळ्यांतील पाण्याकडे पाहून. सर्व जातींच्या सहभोजनात तू ज्या पंक्तीला बसून जेवलास ती विसरलो म्हणून नव्हे. तिने तुला लांबून ओवाळले. मी वाचनालयात गेलो. परतलो तो ओटीवर रिकामा पाट, विझलेले निरांजन आणि पाटाखाली दडपलेली तुझी चिठ्ठी. माझी सात वर्षांची मुलगी मैना तू बंदरावर नेऊन मुंबईच्या आगबोटीत बसवलीस.

चिठ्ठीत लिहितोस, ‘हे घर कृर आहे.’ हायस्कुलात तू माझ्या हाताखाली संस्कृत शिकलास. ज्याला क्रूर हा शब्द धड लिहिता येत नाही, त्याने तो माझ्या घराला लावू नये.

घडले ते असे. आमच्या आगरात नारळींना पाणी लावणारी सखू आपल्या कोंबड्या कुंपणापलीकडे ठेवते. एक आत आली. मैना तिच्यामागे धावली आणि गळलेले पीस उचलून तिने वेणीत खोवले. मथुरेने तिला न्हाणीत नेऊन स्नान घातले. पाणी अंमळ कढत होते. खांद्यावर फोड आले. मुलांना फोड येतात.

तुझ्या बहिणीचे सोवळे हा या आळीत आदराचा विषय आहे. सासवा सुनांना तिचा दाखला देतात. माझी आत्या आनंदीबाई, जी कोणाचे कौतुक करीत नाही, तीही म्हणते, ‘बाई नव्हे हो, गंगेचं पाणी आहे.’ आणि तिचे सोवळे आंधळे नाही. ती विचारते. ओल्या दोरीवरचा थेंब कोरड्या दगडावर पडला, तेथून उडून पदराला लागला, तर तो विटाळ दोरीचा की दगडाचा? गावातील लोक माझ्याकडे शास्त्रार्थ विचारायला येतात, परंतु इतका सूक्ष्म प्रश्न त्यांपैकी कोणी विचारलेला नाही. मी प्रत्येकाला आधारासह उत्तर देतो.

पुढील बोटीने मैनेला परत पाठव. सोबत कोणी गृहस्थ देणार असशील तर त्याचे खाणेपिणे कसे आहे ते आधी कळव.

वासुदेव आठल्ये


रत्नागिरी,
ता. ९ डिसेंबर १९३१

चि. आत्माराम यास,

तुझे पत्र पोचले. त्यातील वर्णन अतिरंजित आहे. मानेपासून पाठीच्या फऱ्यापर्यंत कातडे सोलले गेले, उजव्या कानामागचे केस मुळासकट उपटले गेले, आणि दंडावर चार बोटांचे वण आहेत, हे तू ज्या शब्दांत लिहिलेस ते शब्द वकिलाचे आहेत, मामाचे नव्हेत. तरी दवाखान्यात कोणते मलम दिले, जखम भरू लागली की नाही आणि मैना उताणी निजू शकते का, हे उलट टपाली कळव.

तिचा आक्रोश मी ऐकला होता. ओटीवर उत्तरपत्रिका तपासत होतो. मुले स्नानाच्या वेळी रडतात, असे समजून मी हातातील उत्तरपत्रिका पुरी केली.

तू लिहितोस की मथुरेला रोग आहे, अंगाचा नव्हे, मनाचा. आणि मुंबईस तुमच्या डॉक्टरांनी असे दोघे-तिघे पाहिले आहेत, ज्यांना दाराची कडी लावली की नाही हे पुनःपुन्हा पाहिल्यावाचून राहवत नाही. तू दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधतोस. तेवढ्याने निदान करण्याचा अधिकार येत नाही. कडीची भीती आणि शुचितेची आस्था यांत भेद करता येऊ नये, इतका तू मंद विद्यार्थी नव्हतास.

मैना गेल्यापासून मथुरा विहिरीवरच असते. नारळाच्या सोडणाने आणि राखेने ती हात घासते. परवा सखू मला म्हणाली, “भटजीनू, बायच्या हाताकडं बगा जरा. माज्या कोंबडीची पिसं काडल्यावर दिसते तसं दिसतंय ते.” मी तिला आगरात जाण्यास सांगितले. नंतर पाहिले. विहिरीच्या काठाचा चिरा लाल झाला होता. चिरा मूळचाच तांबडा असतो, म्हणून मला आधी कळले नव्हते.

तिचे प्रश्नही वाढले आहेत. पूर्वी दिवसाकाठी एखादा विचारी, आता एकच प्रश्न जेवणाच्या पानावरून उठेपर्यंत चालतो. उत्तर मिळाले की तिचा चेहरा निवळतो. मी घास उचलतो. घास तोंडात जाण्यापूर्वी ती म्हणते, “पण अहो, नक्की ना?”

मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून तिला येथील वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याची भाषा तू केली आहेस. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्यापूर्वी कागद घेऊन येईन, म्हणतोस. त्या इस्पितळाच्या भिंतीजवळून मी रोज शाळेत जातो. माझी पत्नी त्या भिंतीच्या आत जाणार नाही. मैनेला पाठव.

वा. आठल्ये


रत्नागिरी,
ता. १७ जानेवारी १९३२

चि. आत्माराम यास,

गावातून तुला काही कळलेच असेल. विपर्यास होण्यापूर्वी मीच लिहितो.

आत्याचे मत पालटले आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मथुरेने अंगणातच थांबवून त्यांच्या पायांवर घागरीने पाणी ओतले. एक बाई जरीचे लुगडे नेसली होती. “मेले, माणसं आहोत का बैल?” म्हणून ती ओरडली, तशी मथुरेने रिकामी घागर तिच्या गुडघ्यावर आदळली. बाई लंगडत गेली. आत्या म्हणाली, “सोवळं नव्हे हे वासू. लागीर आहे.” मी म्हणालो, लागीर ही कल्पना अडाण्यांची आहे. माझ्या पाठीमागे तिने पूर्णगडाहून दादू भगताला बोलावून घेतले.

मी दुपारच्या सुट्टीत घरी आलो. मागील पडवीत धूर कोंडला होता. निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकल्या होत्या. मथुरेचे केस दादूने डाव्या मनगटाला गुंडाळले होते आणि उजव्या हातातील ओल्या काथ्याच्या दोरीने तो तिच्या पाठीवर मारीत होता. “बोल, कुनाची तू? कुनी धाडली?” प्रत्येक फटक्याबरोबर हे शब्द. आत्या कोपऱ्यात हात जोडून बसली होती. मथुरेची चोळी फाटून रक्तात चिकटली होती. ती किंचाळत होती. जवळ गेल्यावर तिचे शब्द कळले.

“दोरी कसल्या पाण्यात भिजवलीस? सांग रे! पाणी कुठलं होतं?”

आत्माराम, मी आयुष्यात कोणावर हात उचललेला नव्हता. शाळेत छडी मी दुसऱ्या मास्तरांकडून मारवितो. त्या दिवशी हातातील काठी मी दादूच्या तोंडावर मारली. दात तुटल्याचा आवाज सुपारी फुटल्यासारखा येतो. तो पालथा पडला. मी त्याच्या पाठीवर, मानेवर, कोपरावर मारीत राहिलो. काठी मोडली तेव्हा बुडख्याने मारले. आत्या माझ्या पायांना मिठी घालून रडू लागली, “ब्रह्महत्या नव्हे, पण हत्याच ती वासू, थांब!” मग थांबलो. थांबावेसे वाटत नव्हते हे लिहून ठेवतो, कारण मला अपुरे लिहिणे आवडत नाही.

दादू उंबऱ्याशी रांगत गेला. तोंडातील रक्त थुंकून म्हणाला, “मारा, भटजीबुवा, मारा. पन माजी दोरी तुमी थांबवलात, तिच्या मनातली कोन थांबवनार?”

मी मथुरेकडे वळलो. ती माझ्याकडे पाहत नव्हती. जमिनीवर उडालेल्या रक्ताकडे पाहत होती. “कुणाचं आहे ते? माझ्यावर उडालं का? अहो, सांगा ना, उडालं का?” म्हणत ती विहिरीकडे धावली आणि सोडणाने स्वतःची सोललेली पाठ घासू लागली. मी तिचे हात धरले. मी तिला सांगितले की रक्त उडाले नाही. अंधार पडेपर्यंत मी तेच सांगत होतो. प्रथम आधारासह, मग आधाराशिवाय, मग नुसते ‘नाही, नाही, नाही’.

सकाळी तिने पहिला शब्द उच्चारला तो हा: “नक्की ना?”

दादूला मी डॉक्टरकडे नेण्याची व्यवस्था केली. त्याने फिर्याद केलेली नाही. मैनेची जखम भरत आल्याचे वाचले. तिला इकडे पाठवण्याची घाई करू नये.

वासुदेव


रत्नागिरी,
ता. ६ मार्च १९३२

चि. आत्माराम यास,

मधल्या काळात पत्र गेले नाही, कारण लिहिण्याजोगे काही माझ्याकडून घडले नाही. न लिहिण्याजोगे घडले.

माघात एके सकाळी मथुरेने भाताच्या उकळत्या पेजेत दोन्ही हात घातले. विटाळ शिजून निघेल, असे तिला वाटले. मी तिला ओढून काढले तेव्हा तिने तोच पेजेचा टोप माझ्या पायांवर लोटला. मी तिच्या थोबाडीत मारली. एकदा नव्हे. नंतर धोतराचा सोगा फाडून तिला माजघराच्या खांबाला बांधले. कापड मऊ होते. त्यामुळे तिचे हात वाचले, हे डॉक्टरांनीही सांगितले. परंतु मी शाळेतून परतलो, तेव्हा तिने दातांनी खांबाचे लाकूड कुरतडले होते, आणि ओठांत कुसळे रुतली होती. आत्या तिच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालीना, म्हणे, चावेल.

मी इस्पितळात गेलो. तुझ्या अर्जासाठी नव्हे; आतून पाहावे म्हणून. तेथील डॉक्टर सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि सरळ सांगितले, “या दुखण्यावर माझ्यापाशी औषध नाही. बाईंना समज पुरी आहे. घरी कोणी शांत माणूस असेल तर बांधू नका, मारू नका. नसेल तर आणा.” घरी कोणी शांत माणूस आहे का, या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना दिले नाही.

त्यानंतर माझा घसा सुजला. आत गळू झाले. थुंकी गिळवेना, शब्द फुटेना, अंगात ताप. माजघरात गादी घालून मी पडलो होतो. मथुरेचे हात औषधाच्या पट्ट्यांत होते. ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

“पट्टीला तेल लागलंय. तेल्याच्या घाण्यावरचं. त्याचा बैल कुठं कुठं जातो. चालेल ना?”

मला बोलता येईना. मी डोळे मिटले.

“अहो. चालेल ना?”

तिने किती वेळा विचारले ते मोजले नाही. प्रथम तिचा आवाज चढला. मग तिने मैनेची पाटी आणून माझ्या छातीवर आपटली. “बोलवत नाही तर लिहा! ‘चालेल’ एवढं लिहा!” माझ्या हातून पेन्सिल गळली. तिने पाटी उचलून माझ्या डोक्यावर मारली. पाटीची चौकट तुटली, भुवईवर खोक पडली; तिची पट्टी सुटून जखमी बोटे माझ्या रक्तात भिजली, आणि ते पाहून ती अशी किंकाळली की आगरातून सखू धावत आली. मथुरेने तिच्यावर पळी फेकली. फडताळातील काचेच्या बरण्या फोडल्या. माझा जबडा दोन्ही हातांनी दाबून ती तोंडाशी तोंड आणून ओरडत होती, “बोला! तुम्हांला ठाऊक आहे! तुम्हांला सगळं ठाऊक असतं!”

मला वाटले, ही आता मला मारील. ताप इतका होता की मला त्याचे फारसे वाटले नाही.

आणि मग, आत्माराम, ती दमली. भिंतीला टेकून बसली. थरथरत होती, दात वाजत होते, घाम निथळत होता. मी पाहत होतो. मला दुसरे काही करता येत नव्हते. हळूहळू थरथर कमी झाली. कोणी काही सांगितले नव्हते, कोणी काही शुद्ध केले नव्हते. तिन्हीसांजेला ती उठली, चुलीपाशी गेली, आणि त्याच पट्ट्यांनी, त्याच रक्ताने भरलेल्या बोटांनी थाळीतला गार भात तिने खाल्ला. हात धुतले नाहीत. वर्षभरात मी प्रथमच तिला पोटभर जेवताना पाहिले.

घसा बरा झाल्यावर तिने विचारले आणि मी उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विहिरीवर होती.

मला थोडा विचार करू दे.

वासुदेव


रत्नागिरी,
ता. १२ एप्रिल १९३२

चि. आत्माराम यास,

तर्कशास्त्राच्या तासाला मी तुम्हांला अन्वय आणि व्यतिरेक शिकवला होता. जेथे धूर तेथे अग्नी. जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही. तू शेवटच्या बाकावर पेरू खात होतास, तरी आठवत असेल.

मी ते घरी लावून पाहिले. जेथे माझे उत्तर, तेथे तिचा पुढचा प्रश्न. जेथे उत्तर नाही, तेथे आकांत. पण आकांताला शेवट आहे, प्रश्नाला नव्हता. उत्तर ही तिची अफू होती आणि अफूची गोळी मी प्रत्येक वेळी श्लोकात गुंडाळून देत होतो. दादूची दोरी मी ओळखली, कारण ती दोरीसारखी दिसत होती.

मथुरेला पाडव्याच्या सकाळी मागील अंगणात बसवून मी हे सांगितले. ती वेडी नाही. तुझ्या अर्जात तसे लिहू नकोस. तिने सर्व ऐकले, आणि जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो.

“मला का कळत नाही? विहिरीवर हात घासताना मी स्वतःलाच म्हणत असते, मथुरे, पुरे, काही नाही लागलेलं. हात ऐकत नाहीत. तुम्ही ‘शुद्ध आहे’ म्हणालात की कोणी गळ्यावरचा हात काढल्यासारखं होतं. मग लगेच वाटतं, त्यांनी नीट ऐकलं का? मी सगळं सांगितलं का? की तो हात पुन्हा आवळतो.”

मी विचारले, “कशाची भीती वाटते?”

ती विहिरीकडे पाहू लागली. मग म्हणाली, “बाळ गेला ना.”

आमचा तान्हा मुलगा दोन वर्षांपूर्वी अतिसाराने गेला, हे तुला ठाऊक आहे. आत्या त्या वेळी म्हणाली होती की विटाळल्या हाताने दूध पाजले. मी ओटीवर होतो. प्रश्न मला विचारलेला नव्हता, म्हणून मी बोललो नाही.

“मैनेनं पीस केसांत घातलं आणि मला दिसलं, ही पण जाणार. डोळ्यांपुढे तिची तिरडी. तुम्हांला विचारलं, एका स्नानानं भागेल? तुम्ही म्हणालात, भागेल. पुन्हा विचारलं. पुन्हा. शेवटी तुम्ही उत्तरपत्रिका आपटलीत आणि ओरडलात, ‘नाही भागत! जा!’ मग मी चुलाण्यावरचा हंडा उतरवला. ती ओरडत होती, मी तिची वेणी धरली होती, आणि मला वाटत होतं, ओरड, बाय, ओरड, ओरडतेस म्हणजे जिवंत आहेस.”

आत्माराम, हे तिने सांगितले. मी फक्त लिहून घेतले.

आम्ही ठरवले ते असे. शुद्ध-अशुद्धाचा कोणताही प्रश्न तिने विचारला तर मी ‘हो’ म्हणायचे नाही, ‘नाही’ म्हणायचे नाही. ‘माहीत नाही’ म्हणायचे. आणि उठून जायचे नाही, तिच्यापाशी बसायचे. मी तिला म्हणालो, “तू चिडशील.” ती म्हणाली, “चिडेन. तुम्ही मारू नका. बांधू नका.” मी म्हणालो, “तू मारशील.” तिच्या ओठांना अंमळ हसू आले. “तुम्हांला थोडा मार चालेल,” ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने माझ्या दंडाचा लचका तोडला. दुसऱ्या वेळी वरवंटा उचलून माझ्या हातावर घातला. उजव्या करंगळीचे हाड मोडले, म्हणून हे अक्षर असे आहे. एरवी माझ्या अक्षराला नावे ठेवण्याची संधी तुला मिळाली नसती. ती भिंतीवर डोके आपटू लागली, तेव्हा मी भिंत आणि डोके यांच्यामध्ये उशी धरली. आत्या दाराबाहेरून ओरडत होती, “अरे, एवढी पोथ्यापुराणं वाचलेला तू, एक शब्द सांगितलास तर काय झिजणार आहेस?”

झिजत होतो. ज्याने चार दिशांच्या पंडितांना उत्तरे दिली, त्याच्या जिभेला ‘माहीत नाही’ हे दोन शब्द किती जड जातात, हे आत्याला कळण्यासारखे नव्हते. एकदा मला राहवले नाही. तिच्या नाकातून रक्त येत होते, आणि माझ्या ओठांवर ‘शुद्ध आहेस’ आले. तिनेच माझ्या तोंडावर हात ठेवला. त्याच न धुतलेल्या हाताने.

“नको,” ती म्हणाली, “नका सांगू. अजून थोडं बसा.”

अर्जाचे कागद आणायचे की नाही हे तू ठरव. मी अडवणार नाही. मात्र आलास तर तिच्याशी बोल, मग ठरव. ओटीवर नव्हे, घरात ये.

वासुदेव


रत्नागिरी,
ता. २१ मे १९३२

चि. आत्माराम यास आशीर्वाद,

कागद आणत नाहीस, हे वाचले. मैनेला या शेवटच्या बोटीने पाठवावे की पावसाळा मुंबईतच काढू द्यावा, असे विचारतोस. आणि पुन्हा तसे होणार नाही, अशी मी हमी देतो का, असेही विचारतोस. वकिलाचा प्रश्न आहे, परंतु या वेळी मामानेच विचारला आहे.

जे आहे ते लिहितो. मथुरा बरी झालेली नाही. विहिरीवर ती अजून जाते, पण परत येते. सोडण मी फेकून दिले. तिने दुसरे आणले. ते तिनेच फेकले. गेल्या आठवड्यात एका दुपारी तिने दार आतून लावून घेतले आणि मी कुऱ्हाडीने फळी फोडून आत गेलो, तेव्हा तिने दोन्ही तळहात पुन्हा सोलले होते. तिने मला शिव्या दिल्या. त्यांतील काही तिला कोठे मिळाल्या असतील, याचे मला आश्चर्य वाटले. सखूकडून असाव्यात. मी बसून राहिलो. आत्या आता भगताचे नाव काढीत नाही, पण माझ्या पानावर वाढताना तोंड फिरवते. तिच्या मते आता लागीर मला झाले आहे.

काल मथुरेने आंबापोळी घातली. हापूसचा आटवलेला रस ताटांत ओतून आगरातल्या चटईवर उन्हात ठेवला. पूर्वी ती ताटांपाशी काठी घेऊन बसे आणि सावली पडली तरी सगळा रस फेकून देई. काल ती आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तर कडेच्या ताटाशेजारी कावळा बसला होता. तिला पाहून उडाला. पोळीच्या कोपऱ्यावर एक बारीक खळगा होता. चोचीचा असेल, किंवा बुडबुडा फुटल्याचा.

ती माझ्याकडे आली. चेहरा राखेसारखा झाला होता.

“कावळ्यानं चोच लावली का हो?”

“माहीत नाही.”

“तुम्ही ओटीवरून बघत होतात.”

बघत होतो, आत्माराम. काय पाहिले ते मी तुलाही लिहिणार नाही.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

तिने ताट उचलले. मला वाटले, आता हे माझ्या डोक्यात बसणार. मी मानही खाली घातली. ती तशीच उभी राहिली. ताटाच्या कडेवर तिची बोटे कापत होती आणि पितळ वाजत होते. मग आवाज थांबला. “मैनेला कोपऱ्याची आवडते,” ती म्हणाली, “कडक असते म्हणून.” तिने ताट पुन्हा उन्हात ठेवले, आणि आज सकाळी न धुतलेल्या सुरीने पोळ्या कापून केळीच्या सोपटात बांधल्या. बांधताना रडत होती. हात थांबवले नाहीत.

या बोटीने पुडके येत आहे. मैनेला मात्र पाठवू नकोस. इतक्यात नाही. श्रावणात मीच मुंबईस येईन, पोर मला ओळखते का ते पाहीन, आणि तिला काय सांगावे ते आपण दोघे मिळून ठरवू. त्या वेळी तुझ्याकडे जेवीन. पंक्तीला कोण कोण असते, ते मी विचारणार नाही.

हमीचे म्हणशील तर, माहीत नाही.

कोपऱ्याची पोळी वरच ठेवली आहे. ती मैनेला दे.

वासुदेव